दारात आलेल्या उमेदवाराला काय विचारायचं?

विधानसभेची निवडणूक लागली की मतदारसंघात एकाएकी सगळ्यांचं एकमत होतं. रस्ते झाले पाहिजेत, शेतमालाला भाव मिळाला पाहिजे, तरुणांच्या हाताला काम पाहिजे, आयाबहिणींना सुरक्षित वाटलं पाहिजे. सगळ्या पक्षांची पत्रकं शेजारी-शेजारी ठेवा आणि वरची चिन्हं झाका. कोणतं पत्रक कोणाचं, हे ती वाटणाऱ्या कार्यकर्त्यालाही सांगता येणार नाही. या मागण्यांना विरोध करणारा माणूसच मतदारसंघात सापडत नाही, त्यामुळे त्यांना पाठिंबा द्यायला उमेदवाराचं काही खर्ची पडत नाही. त्याची भूमिका कळते ती एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं अशा जागी. आणि त्याला तर त्या दोघांचीही मतं हवी असतात.

म्हणून प्रश्न निवडताना एकच बघा: याचं सरळ उत्तर दिलं तर मतदारसंघातलं कोणीतरी नाराज होईल का? होणार नसेल, तर तो प्रश्न सत्कार समारंभासाठी राखून ठेवा.

ऊसपट्ट्यातलं उदाहरण घेऊ. ‘उसाला योग्य भाव मिळायला हवा की नको?’ असं विचारलंत तर स्वतः कारखान्याचा अध्यक्ष असलेला उमेदवारही छातीठोकपणे ‘मिळालाच पाहिजे’ म्हणेल. आता जरा खोलात जा. एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून ही रक्कम दोन टप्प्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. शेतकरी संघटनांनी त्यावर रान उठवलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे दर केंद्राचा असला, तरी पैसे कसे मिळणार यात राज्याने हात घातला होता. हा थेट आमदाराला विचारायचा विषय झाला. ‘तुम्ही एकरकमीच्या बाजूचे की हप्त्यांच्या? २०२२ साली तो जीआर निघाला तेव्हा कुठे आणि काय बोललात? थकबाकीदार कारखान्यावर साखर आयुक्तांनी जप्तीची कारवाई काढली आणि तो कारखाना तुमच्याच नेत्याचा निघाला, तर कारवाई व्हावी म्हणाल?’

समजा उमेदवार म्हणाला, ‘साखर विकली जाईपर्यंत कारखान्याकडे पैसा नसतो, बँकेची उचल पुरत नाही, म्हणून मी हप्त्यांच्या बाजूचा आहे.’ तुम्हाला राग येईल, पण ही भूमिका आहे, आणि ती तोंडावर सांगणाऱ्या माणसाशी पुढची पाच वर्षं वाद तरी घालता येईल. ‘शेतकरी आमचं दैवत आहे’ म्हणणाऱ्याशी वाद कशाचा घालणार?

पाण्याच्या बाबतीत तर एकच पक्ष दोन तालुक्यांत दोन तोंडांनी बोलतो. गोदावरी खोऱ्यात नाशिक-अहिल्यानगरची धरणं वर आणि पैठणचं जायकवाडी खाली. २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप करायचं तत्त्व आहे. ते कसं करायचं याचं सूत्र मेंढेगिरी समितीने २०१३मध्ये दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३च्या अपुऱ्या पावसानंतर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा वर ‘आमचं पाणी पळवलं’ आणि खाली ‘आमच्या हक्काचं पाणी अडवलं’ अशी आंदोलनं एकाच वेळी पेटली. ६५ टक्क्यांचा आकडा खाली आणावा, अशी शिफारसही नंतर झाली आहे. तेव्हा संगमनेर, निफाड, वैजापूर किंवा गंगापूर, कुठल्याही उमेदवाराला ‘पाण्यासाठी काय करणार?’ असं विचारू नका. त्यावर ‘पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी वळवू’ हे ठरलेलं उत्तर येईल आणि त्यात कोणाचंच काही जाणार नाही. विचारा, ‘६५ टक्क्यांचं सूत्र राहावं की बदलावं? तुमच्याच पक्षाचा दुसऱ्या टोकाच्या तालुक्यातला उमेदवार याच्या बरोबर उलटं बोलतोय. मुंबईत पक्षाची बैठक बसली तर कोणाचं ऐकलं जाईल?’ या प्रश्नावर तो किती वेळ गप्प बसतो, तेही ध्यानात ठेवा.

आणि भूमिकेला तारीख असते. नागपूर ते गोवा हा सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आठवा. बारा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे पूर्णपणे राज्याच्या अखत्यारीतला. जमिनी जाणार म्हणून कोल्हापूर-सांगलीकडे त्याला कडाडून विरोध झाला. २०२४च्या विधानसभेआधी ऑक्टोबरमध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाच्या आखणीला आणि भूसंपादनाला सुमारे वीस हजार कोटींची मंजुरी दिली. महामार्ग हवा की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, मराठवाड्यात तो हवा असणारेही पुष्कळ आहेत. पण अशा प्रकल्पावर बोलणाऱ्या उमेदवाराला ‘निवडणुकीनंतर काय?’ हा उपप्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका.

हे आमदाराच्या हातात आहे का?

निम्मी आश्वासनं इथेच गळतात. लासलगावात उमेदवार कांद्याच्या निर्यातीबद्दल तावातावाने बोलतो. डिसेंबर २०२३मधली निर्यातबंदी केंद्राने घातली होती आणि मे २०२४मध्ये उठवलीही केंद्रानेच. आमदार फार तर पत्र लिहील. त्याच्या हातातल्या गोष्टी वेगळ्या आहेत: बाजार समितीचा कारभार, कांदाचाळीचं अनुदान, शेतीपंपाला दिवसा वीज. मुंबई-गोवा महामार्ग २०११पासून रखडतोय, तो राष्ट्रीय महामार्ग. त्याचा जाब खासदाराला विचारायचा. आमदाराला फार तर भूसंपादनाच्या मोबदल्याबद्दल विचारा, कारण ते काम राज्याची महसूल यंत्रणा करते.

दुसऱ्या टोकाला गल्लीतलं गटार, कचऱ्याची गाडी, नळाची वेळ. ही कामं नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची. पण यात एक मेख आहे. मुंबई-पुण्यासह कित्येक महापालिकांची मुदत २०२२मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर लोक गटाराची तक्रारही आमदाराकडे नेऊ लागले, प्रशासकाच्या केबिनमध्ये आमदाराचा शब्द चालू लागला, आणि बऱ्याच जणांना ते मानवलं. त्या वर्षांत आपल्या आमदाराने ‘निवडणुका घ्या’ म्हणून कधी आवाज उठवला का, हे शहरातल्या मतदाराने जरूर विचारावं.

मधला पट्टा मात्र खरोखर राज्याचा. पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, कालव्याचं आवर्तन, तलाठी कार्यालय, एसटी, महावितरण, शिक्षकांच्या रिक्त जागा, बांधकामाचे नियम. आपला प्रश्न यात बसवून विचारला की उमेदवाराला ‘दिल्लीत पाठपुरावा करू’ म्हणून सटकता येत नाही. आरोग्याचंच पाहा. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. ‘आरोग्यसेवा सुधारू’ म्हणणाऱ्याला आपल्या केंद्रात डॉक्टरांच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत आणि रात्री बाळंतपण होतं का, एवढंच विचारा. माहीत नसेल तर तो तिथे गेलेला नाही.

‘निधी मंजूर’ची पाटी

चौकाचौकांत फ्लेक्स लागलेले असतात: ‘कार्यसम्राट आमदारांच्या विशेष प्रयत्नांतून ५ कोटींचा निधी मंजूर’. खाली हसरा फोटो, मागे जेसीबी, कोपऱ्यात नेत्यांची गोल चेहऱ्यांची रांग. ही पाटी उमेदवाराच्या कामाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते, म्हणून ती नीट वाचायला शिकलं पाहिजे.

‘मंजूर’ या शब्दापासून डांबर पडेपर्यंत मोठा प्रवास असतो. आधी काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत घ्यावं लागतं. कित्येकदा तिथे नावापुरती टोकन तरतूद असते, काम कोटींचं आणि रक्कम नखाएवढी. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. त्यानंतर ठेकेदाराचं बिल निघायला हवं. ते अडलं की अर्धी खडी पसरून काम थांबतं. नारळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर फोडता येतो. तेव्हा पाटीखाली उभं राहून विचारायचं ते एवढंच: ‘वर्क ऑर्डर निघाली का? निघाली असेल तर तारीख काय?’

दुसरा प्रश्न, पैसे कोणत्या हेडखाली आले? गावातल्या जाणत्या माणसाला ‘पंचवीस-पंधरा’ म्हटलं की कळतं: लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या ग्रामीण मूलभूत सुविधांचं ते लेखाशीर्ष, सभामंडप आणि पेव्हिंग ब्लॉक बहुधा त्यातून येतात. रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४. काही कामं जिल्हा नियोजन समितीतून, म्हणजे पालकमंत्र्यांच्या टेबलावरून येतात. आणि आमदार निधी तर ठरलेलाच असतो. महाराष्ट्रात तो वर्षाला ५ कोटी आहे आणि निवडून येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. त्यासाठी विशेष प्रयत्न लागत नाहीत. मतदारसंघात शंभर गावं धरली तर गावाला वर्षाला पाच लाख येतात. तेव्हा ‘आमदार निधीतून गावाचा कायापालट’ असं कोणी म्हणालं, तर मनातल्या मनात भागाकार करा.

शहानिशा करणं अवघड नाही. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ असते: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. आकड्यांची ती लांबलचक माळ उमेदवाराच्या कार्यालयातून मागून घ्या. काम खरं असेल तर कार्यकर्ता अभिमानाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेल. सोबतच्या कामांच्या यादीत आपल्या गावाचं नाव आणि पुढची रक्कम स्वतः वाचा. यादीतला रस्ता भलत्याच वस्तीचा निघालेला पुष्कळांनी पाहिला आहे.

विद्यमान आमदार पुन्हा उभा असेल, तर त्याची भूमिका सांगणारं दुसरं दफ्तर विधिमंडळात आहे. आपल्याकडे एक अडचण अशी, की बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. जुलै २०२५मध्ये विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं तेही तसंच. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या, इतका तो विषय गाजला होता. तरीही ‘आमच्या आमदाराने हो म्हटलं की नाही’ हे सांगणारी सदस्यवार यादी अशा मतदानातून तयार होत नाही. म्हणून बोललेलं आणि विचारलेलं बघावं लागतं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरची भाषणं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज आणि प्रश्नांच्या याद्या मिळतात. त्या वाचताना सावध राहा. एकेका प्रश्नावर आठ-दहा सदस्यांची नावं जोडलेली असतात. यादीत नाव असणं आणि उभं राहून मंत्र्याला उपप्रश्नाने अडवणं यांत फरक आहे. आणखी एक गोष्ट फारशी कोणी विचारत नाही. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं की त्याचा पाठलाग करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ‘आपल्या तालुक्याबद्दल मिळालेली कोणती आश्वासनं पुरी झाली?’ हा प्रश्न पाच वर्षं सभागृहात बसलेल्या माणसाला अवघड जायला नको.

उमेदवार नवा असेल तर तो कुठून आला ते पाहा. सरपंच, जिल्हा परिषद सदस्य, पतसंस्थेचा संचालक, शिक्षणसंस्थेचा सचिव, काहीतरी तो असतोच. पतसंस्थेतल्या ठेवीदारांना आणि संस्थेतल्या विनाअनुदानित शिक्षकांना विचारा. त्यांच्याइतकी माहिती कुठल्याच जाहीरनाम्यात नसते.

लग्नाला, दहाव्याला हजेरी लावणं ही काही भूमिका नव्हे, असं शहरी मंडळी नाक मुरडून म्हणतात. मी त्याला इतकं हलकं लेखणार नाही. रात्री दोन वाजता दवाखान्यातून केलेला फोन उचलणारा आमदार गरिबाला लागतोच. फक्त त्याचा फोन लागल्याशिवाय खाट मिळत नाही, असा दवाखाना पाच वर्षांनीही तसाच राहिला असेल, तर त्याबद्दल त्याने सभागृहात काय केलं, हेही त्यालाच विचारायचं.

आता पक्षाबद्दल. १९८५मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, २००३मध्ये ते आणखी कडक झालं. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे ‘मी स्वतंत्र बाण्याचा आहे’ हे वाक्य मतदानाच्या बाबतीत फारसं खरं नसतं. पण प्रश्न मांडायला, लक्षवेधी लावायला, स्वपक्षाच्या मंत्र्याला सभागृहात खडसावायला ते परिशिष्ट आड येत नाही. ‘सरकार तुमचंच आलं आणि निर्णय तालुक्याच्या मुळावर उठला, तर सभागृहात बोलाल का?’ असं विचारा. आणि २०२२ व २०२३मध्ये महाराष्ट्रात पक्ष फुटले, ते पाहिल्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे, पक्ष कोणताही असो: ‘पक्ष बदलायची वेळ आली तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्या दारात याल का?’ सगळे ‘तशी वेळच येणार नाही’ म्हणतील. तरी विचारा, आणि शेजारी कोणाचा तरी मोबाइल चालू असू द्या.

पैशाच्या आश्वासनांचं गणित वेगळं मांडावं लागतं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जुलै २०२४पासून लागू झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत महायुतीने २,१०० आणि महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचा वायदा केला. २०२५-२६च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे आणि कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या वर दाखवलं आहे. पंधराशे रुपयांत महिन्याचा किराणा बसवणाऱ्या बाईला ही तूट ऐकवणं मला पटत नाही. ते सांगायचं काम वायदा करणाऱ्याचं. जाहीरनाम्यातल्या आश्वासनांमागचं कारण आणि ढोबळमानाने पैशाची सोय सांगावी, असं आदर्श आचारसंहिताही म्हणते. तेव्हा आकडा वाढवून सांगणाऱ्या उमेदवाराला ‘कोणता खर्च कमी करणार किंवा कोणता कर वाढवणार?’ असं विचारा. ‘दोन्ही नाही’ म्हणाला, तर उरतं कर्ज.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना २६, लोक फक्त ‘किती कोटींचा मालक’ एवढ्यासाठी चाळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे हा कागद आपल्या हाती आला; तो जरा वेगळ्या नजरेने वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. जमिनी कुठे आणि कधी घेतल्या, हे त्यात असतं. नव्या रस्त्याची आखणी आणि खरेदीची तारीख शेजारी ठेवून पाहा. कर्ज कोणत्या संस्थेचं, सरकारी थकबाकी आहे का, उमेदवाराची किंवा जोडीदाराची सरकारी कंत्राटं आहेत का, तेही लिहावं लागतं. बांधकाम व्यवसायात असणं गुन्हा नाही, पण तो उमेदवार शहराच्या विकास आराखड्यावर बोलू लागला की हा कागद समोर असलेला बरा. फौजदारी खटल्यांच्या रकान्यात नुसती संख्या मोजू नका, कलमं वाचा. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तागडीत घालता येत नाहीत. आणि गुन्हे असलेला उमेदवार का निवडला याची कारणं पक्षाने जाहीर करावीत, असा २०२०चा न्यायालयीन आदेश आहे. ती कारणं वाचण्यासारखी असतात. बहुतेकांत ‘लोकप्रिय आहेत’ याच्या पलीकडे फारसं काही नसतं.

हे सगळं विचारायला वेळ मात्र फार थोडा मिळतो. २०२४मध्ये अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ तारखेला प्रचार थांबला. खरे उमेदवार कोण हे कळल्यापासून जेमतेम दोन आठवडे. आणि मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार. मोठ्या सभेत प्रश्न विचारता येत नाही. व्यासपीठावरचा माणूस ‘नंतर भेटा’ म्हणतो आणि गाडी निघते. कोपरा सभा, सोसायटीतली बैठक, बचत गटाचा मेळावा, पदयात्रेत चहाला थांबलेली पंधरा मिनिटं, ही खरी जागा. तिथे एकट्याने जाऊ नका. सोसायटीचे, गटाचे किंवा वस्तीचे मिळून दोन-तीनच प्रश्न ठरवा, कागदावर लिहा आणि सगळ्या उमेदवारांना तेच, त्याच शब्दांत द्या. एकालाच अवघड प्रश्न विचारलात की तुम्ही विरोधकाचे ठरता आणि उत्तर टाळायला त्याला आयतं कारण मिळतं.

स्वर आपुलकीचा ठेवा. ‘दादा’, ‘ताई’, ‘साहेब’ म्हणून अवघडातला अवघड प्रश्न विचारता येतो. प्रश्न ‘काय करणार?’ असा नको. ‘कोणत्या खात्यातून, कधीपर्यंत, आणि त्याला विरोध कोणाचा होईल?’ असा हवा. ‘आम्ही सकारात्मक आहोत’, ‘मार्गी लावू’, ‘वरिष्ठांशी बोलतो’ ही उत्तरं कागदावर ‘उत्तर नाही’ म्हणून लिहा. ‘मला माहीत नाही, अभ्यास करून शुक्रवारी सांगतो’ हे मात्र चांगलं उत्तर आहे. शुक्रवारी फोन करा. आणि उमेदवार भेटतच नसेल, कार्यकर्तेच ‘साहेबांना वेळ नाही’ म्हणत असतील, तर तसंही लिहून ठेवा. निवडून आल्यावर वेळ कमीच होत जातो.

उत्तरांचा कागद मतदानानंतर रद्दीत घालू नका. २०२४चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ डिसेंबरला सुरू झालं. नवा आमदार महिन्याच्या आत सभागृहात बसलेला असतो. तेव्हाची कामकाजपत्रिका उघडा, आपला प्रश्न त्यात आहे का बघा, आणि नसेल तर मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी त्याच मंडळींनी तोच कागद घेऊन त्याच्या कार्यालयात जा.